दांडीच्या सायकलचा लळा

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी चक्कर मारलीत, तर भंगाराच्या ढिगापाशी उकिडवा बसलेला एखादा माणूस हमखास दिसेल. समोर सायकलचं गंजकं मागचं चाक. माणूस खिशातून फडकं काढतो, चाकाच्या मधल्या नळकांड्यावरचं, म्हणजे हबवरचं, काळं ग्रीस पुसतो, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतो आणि वाचायला लागतो. विकणाऱ्याला वाटतं, गिऱ्हाईक भाव पाडायला खोट हुडकतंय. हा हुडकत असतो साल.

हब जर स्टर्मी-आर्चर कंपनीचा असेल, तर ते साल सापडतंही. १९०२ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम गावी सुरू झालेली ही कंपनी. तिचा तीन गिअरचा 'एडब्ल्यू' हब १९३६ मध्ये आला आणि पुढं कित्येक दशकं तसाच बनत राहिला. त्याच्या नळकांड्यावर अक्षरांच्या खाली बारीक आकडे ठोकलेले असतात. ५६ आणि शेजारी ४ असं दिसलं, की समजायचं १९५६ चा एप्रिल. म्हणजे नेहरू पंतप्रधान होते, संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता, आणि तिकडं नॉटिंगहॅममध्ये कुणीतरी हातोडीच्या एका घावात ही तारीख उमटवली होती. अर्थात चाक नंतर बदललेलं असू शकतं. म्हणून जाणकार नुसत्या हबवर विसंबत नाहीत. ते फ्रेमचा नंबर बघतात, चेनव्हील म्हणजे पायडलपाशी चेन फिरवणारं दातेरी चाक बघतात, पुढचं चाक धरणारा चिमटा बघतात.

चेनव्हीलवर तर अख्खी वंशावळ कोरलेली असते. इंग्लंडच्या रॅले कंपनीच्या चेनव्हीलवर बगळ्याची डोकी. रॅली म्हणा, रॅले म्हणा, आपल्याकडं दोन्ही चालतं. रज या दुसऱ्या इंग्रज कंपनीच्या चेनव्हीलवर उघडा पंजा. आणि हंबर या तिसऱ्या कंपनीच्या चेनव्हीलवर हातपाय पसरलेली पाच माणसं, गोल धरून उभी राहिल्यासारखी. हंबरचा पुढचा चिमटाही वेगळा; दोन्ही बाजूंना एकेका नळीऐवजी जोडनळ्या. ज्याला हे ठाऊक आहे तो माणूस रस्त्यात दुधाच्या किटल्या लावलेली सायकल उभी दिसली, की आधी वाकून चेनव्हील बघतो. घरच्यांना लाज वाटते, पण त्याला इलाज नाही.

ज्या सायकलवर ही मंडळी जीव टाकतात तिला इंग्रज रोडस्टर म्हणत. आपण म्हणतो फ्रेमच्या मापावरून चोवीस इंची, किंवा नुसती दांडीची सायकल. अठ्ठावीस इंची चाकं, ब्रेकला वायरऐवजी सळ्या, चेन पूर्ण झाकणारं कव्हर, चामड्याची सीट. वजन वीस किलोच्या आसपास. हिचा मूळ ढाचा फार जुना. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि चेनने फिरणारं मागचं चाक, ही मांडणी तिनं रूढ केली. ती आजही मोडलेली नाही.

रॅलेची गोष्ट थोडी मजेशीर आहे. फ्रँक बाउडन नावाचे गृहस्थ हाँगकाँगला पैसा कमावून आजारी पडले. डॉक्टरांनी सायकल चालवायचा सल्ला दिला, आणि तब्येत सुधारली. आपण अशा वेळी डॉक्टरांना पेढे देतो. बाउडन यांनी सायकलचा कारखानाच घेतला. ते १८८७ साल होतं. नॉटिंगहॅममधल्या रॅले स्ट्रीटवरचं ते लहानसं दुकान पुढं जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल कारखान्यांपैकी एक झालं.

सीटचीही अशीच कथा. बर्मिंगहॅमचे जॉन ब्रूक्स हे चामड्याचे व्यापारी. त्यांचा घोडा मेला, म्हणून त्यांनी सायकल उसनी घेतली. तिच्या सीटनं त्यांचे हाल केले, तेव्हा त्यांनी स्वतःच चामड्याची सीट बनवायला घेतली आणि १८८२ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. ही सीट नवीन असताना लाकडासारखी कडक असते. काही महिने सोसलं, की ती तुमच्या बैठकीचा आकार घेते, आणि मग दुसऱ्या कुणाला ती बोचते. जुनी ब्रूक्स विकत घेणारा दुसऱ्याच्या बैठकीवर बसतो, हे शौकीन लोक सहसा बोलत नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडं येतो. ही माया टिकते कशावर? लोक म्हणतात, आठवणींवर. वडिलांची सायकल, आजोबांची सायकल. ते खरंच आहे. पण नॉटिंगहॅमशी काडीचा संबंध नसलेली, पंचविशीतली मुलंही हा नाद लावून घेतात. त्यांच्या आजोबांकडं स्कूटर होती. माझ्या मते यामागं पोलाद आहे, आणि पोलादाच्या अंगचे दोन-तीन गुण.

पोलादाला एका मर्यादेच्या आतला ताण लाखो वेळा द्या, ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. तिथं बारीक बारीक धक्केही खात्यावर जमा होत राहतात, म्हणून त्या फ्रेमच्या नळ्या जाडजूड कराव्या लागतात. दुसरं, पोलाद तुटण्याआधी वाकतं, म्हणजे सांगून जातं. खड्ड्यात आपटून चिमटा मागं गेला, तर अनुभवी मिस्त्री तो पुन्हा सरळ करून देतो. आणि तिसरं, सांधा. या फ्रेममध्ये दोन नळ्या एकमेकींना थेट वितळवून चिकटवलेल्या नसतात. पोलादी सांध्याच्या खोबणीत नळी बसवायची, तापवायची आणि फटीत पितळ सोडायचं. पितळ साधारण नऊशे अंशांना वितळतं, पोलादाला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. त्यामुळं नळी शाबूत राहते. उद्या एखादी नळी कुजली, तर सांधा पुन्हा तापवून तेवढीच काढता येते. कार्बन फायबरची फ्रेम सहा-सात किलोच्या सायकलला शोभते खरी, पण ती दुरुस्त करायला आपल्या आळीतला सायकलवाला कामाचा नाही.

पोलादात सुद्धा जातिभेद आहेत. बर्मिंगहॅममध्ये १८४१ पासून खिळे बनवणारं रेनॉल्ड्स नावाचं घराणं होतं. त्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांना पडलेला प्रश्न साधा होता. पातळ नळी सांध्यापाशी तग धरत नाही, आणि जाड नळी वजन वाढवते. त्यांनी १८९७ मध्ये अशा नळीचं पेटंट घेतलं, जी बाहेरून सरळ दिसते पण आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. जिथं ताण जास्त तिथंच धातू जास्त. पुढं १९३५ मध्ये याच कंपनीनं मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं '५३१' पोलाद आणलं. फ्रेमवर ५३१ चं हिरवं-सोनेरी लेबल शिल्लक असलं, तर शौकिनाचा आवाज आपोआप खाली येतो.

पण एक सांगायला हवं. आपल्या गल्लीबोळांत फिरलेल्या बहुतेक दांडीच्या सायकली ५३१ च्या नव्हेत. साध्या पोलादाच्या आहेत. आणि 'लोखंडी सायकल मऊ चालते' असं जे कौतुक होतं, त्याचं निम्म्याहून अधिक श्रेय मी पोलादाला देणार नाही. चिमट्याचा पसरट कोन, दोन चाकांमधलं लांब अंतर, जाड टायर आणि स्प्रिंगची सीट यांनीच धक्के पचतात. भक्तीपायी सगळा प्रसाद एकाच देवाच्या नावावर टाकू नये. ब्रेकची बाब तर बोलायलाच नको. क्रोमच्या रिमवर पाणी पडलं, की सळीचे ब्रेक फक्त सल्ला देतात, थांबवत नाहीत. पुण्यात जूनच्या पहिल्या सरीला उतारावरून ही सायकल आणणाऱ्याचं दैव बलवत्तर हवं.

आपल्याकडं ही सायकल आधी बोटीनं आली आणि मग इथंच बनू लागली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. मद्रासजवळ अंबत्तूरला मुरुगप्पा मंडळींनी इंग्रज कंपनीशी भागी करून हर्क्युलस काढली, बंगालात आसनसोलला सेन-रॅले उभी राहिली, आणि १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास. या ॲटलासचा शेवटचा कारखाना, साहिबाबादचा, ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. असा योग कुणी गोष्टीत लिहिला असता, तर संपादकानं कापला असता.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, ते याच सायकलींमुळं. तासावर भाड्यानं मिळणारी सायकल, वर्षाला नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात तर पोलिसाची शिट्टी. ते बिल्ले आता स्वतंत्रपणे गोळा केले जातात. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. तिथं सवडीनं जा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पॅराट्रूपर सैनिकांसाठी बीएसए कंपनीनं बनवलेली घडीची सायकल तुम्हाला तिथं बघायला मिळेल. फ्रेमच्या मधोमध दोन पंखाचे नट. ते सैल केले, की सायकल मधोमध दुमडून मिटते.

इकडं घरोघरच्या सायकली अंगणातून माळ्यावर गेल्या, तेव्हा तिकडं मूळ घरातही वाताहतच चालली होती. १९६० मध्ये रॅले आणि तिच्या प्रतिस्पर्धी कंपन्या एकाच छत्राखाली आल्या. त्यानंतरच्या कित्येक सायकलींत नाव वेगळं, स्टिकर वेगळं, आतलं सामान तेच. म्हणून शौकीन '६० च्या आधीची की नंतरची?' असं विचारतात. पुढं २००० मध्ये स्टर्मी-आर्चर तैवानच्या कंपनीकडं गेली, आणि त्याच सुमारास नॉटिंगहॅममधलं सायकल बनवणंही थांबलं. कारखान्याच्या जागेवर आज विद्यापीठाचं आवार आहे.

इटलीची तऱ्हा वेगळी. तिथं लळा लागला तो शर्यतीच्या सायकलींचा. तस्कनीतल्या गायोले या गावात १९९७ मध्ये 'लेरोइका' नावाची सफर निघाली. पहिल्या वर्षी ९२ जण होते. त्यामागचा हेतू सायकलींइतकाच रस्त्यांचा होता. त्या भागातल्या पांढऱ्या मातीच्या वाटांवर डांबर पडू नये, असं गावकऱ्यांना वाटत होतं. नियम कडक: सायकल १९८७ च्या आधीच्या घडणीची, गिअरच्या कांड्या खालच्या तिरक्या नळीवर, पायडलला बूट अडकवायचे चामडी पट्टे, ब्रेकच्या वायरी हँडलच्या बाहेरून जाणाऱ्या. लोकरीची जर्सी घालून माणसं धुरळा खात चढ चढतात, आणि वाटेत पाव-वाइनवर ताव मारतात. त्याच वाटांवर २००७ पासून व्यावसायिक शर्यतही भरते. त्या वाटा वाचल्या, हे मला त्या छंदाचं सगळ्यांत मोठं यश वाटतं.

आपल्या देशाचं एक उपकाराचं काम मात्र जगाला फारसं ठाऊक नाही. २८ बाय दीड इंची टायर, सळीच्या ब्रेकचे सुटे भाग, पायडलचा दांडा घट्ट धरणाऱ्या कॉटर पिना हे सगळं आपल्याकडं बनणं थांबलंच नाही. गावाकडं दूधवाले, पाववाले, पेपरवाले ही सायकल वापरत राहिले, म्हणून लुधियानाचं सामान चालू राहिलं. त्यामुळं तालुक्याच्या दुकानात आजही जुनी रॅले चालू करण्याइतका माल मिळतो. क्रोम पूर्वीच्या तोडीचा नाही. छर्रे तर चांगलेच पारखून घ्यावे लागतात. शिवाय रॅलेची एक खोड आहे: पायडलच्या मधल्या दांड्याच्या कपाला इंचाला २६ आटे, बाकी इंग्रज कंपन्यांना २४. दुसरा कप जबरदस्तीनं पिळलात, तर आटे गेलेच म्हणून समजा.

तर श्रोतेहो, माळ्यावर किंवा जिन्याखाली अशी एखादी सायकल उभी असेल, तर तिला लगेच रंगवायला देऊ नका. चकचकीत ऑइलपेंटखाली मूळचा काळा रंग, सोनेरी रेघा आणि पुढचं पितळी नाव कायमचं गाडलं जातं. ते पुन्हा मिळत नाही. आधी घासलेटात भिजवलेल्या फडक्यानं मागचा हब पुसा, आकडे बघा. सीटच्या नळीजवळ फ्रेमचा नंबर असेल, तो लिहून ठेवा. कॉटर पिन निघत नसेल, तर वरून हातोडी मारत सुटू नका. नट पिनेच्या टोकाशी बरोबर येईल असा ठेवा, म्हणजे आटे चिरडणार नाहीत. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, खाली भक्कम लोखंडी पाइप टेकवा, म्हणजे घावाचा जोर छर्र्यांवर न जाता जमिनीत जाईल. मग एकच नेमका, जोरदार ठोका. तरीही हललीच नाही, तर रात्रभर तेल मुरू द्या आणि सकाळी पुन्हा बघा. चाकांचा आउट, म्हणजे डुगडुग, मात्र शहरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मिस्त्रीकडूनच काढून घ्या, आणि तो काढत असताना बाजूला स्टुलावर बसून राहा. तो स्पोक नुसते बोटानं छेडून सांगेल, कुठला सैल आहे ते.

नमस्कार.