पांढऱ्या अस्वलाचा खटला

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आर्क्टिकमधल्या पांढऱ्या अस्वलाचं नाव घेतलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिमखंडावर एकटंच उभं असलेलं केविलवाणं अस्वल येतं. ते चित्र आज बाजूला ठेवू. मी कायदा शिकवतो, त्यामुळे मला या अस्वलात रस आहे तो त्याच्या कागदपत्रांमुळे. अमेरिका आणि सोव्हिएत रशियानं शीतयुद्ध चालू असताना एकाच करारावर सह्या केल्या, त्या या जनावरासाठी. आणि पुढे अमेरिकेनं त्याला कायद्याचं संरक्षण दिलं, तेव्हा त्याच दिवशी, त्याच घोषणेत त्यातला कणाच काढून घेतला. हे दुसरं कसं घडलं, ते आज सांगायचं आहे.

पण सुरुवात बंदुकीपासून करावी लागेल, कारण बंदुकीच्या बाबतीत कायदा यशस्वी झाला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर अलास्कात श्रीमंत हौशी शिकारी छोट्या विमानांतून अस्वलं मारत. विमानं बहुधा जोडीनं उडत. एक बर्फावर उतरायचं, दुसरं वरून घिरट्या घालत राहायचं. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर तर शिकाऱ्याला हजर राहण्याचीही गरज नव्हती. लाकडी पेटीत बंदूक बसवायची, तोंडाशी आमिष ठेवायचं आणि आमिषाची दोरी चापाला बांधायची. अस्वलानं आमिष ओढलं की बार उडायचा. मागे पिल्लं असलेली मादी आहे का, हे पेटीला कुठून कळणार?

सोव्हिएत रशियानं १९५६ मध्येच शिकार बंद केली होती. १९६५ मध्ये अलास्कातल्या फेअरबँक्सला पाच देशांचे तज्ज्ञ पहिल्यांदा एकत्र बसले आणि १५ नोव्हेंबर १९७३ रोजी ऑस्लोत करार झाला. सह्या करणारे देश होते कॅनडा, अमेरिका, नॉर्वे, सोव्हिएत रशिया आणि ग्रीनलंडच्या वतीनं डेन्मार्क. करार अगदी आटोपशीर आहे, दहाच कलमं. विमानातून आणि मोठ्या यंत्रबोटींतून शिकार बंद. पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत आलेल्या स्थानिकांना पारंपरिक पद्धतीनं शिकारीची मुभा. दुसरं कलम मात्र दूरचा विचार करणारं आहे. अस्वल ज्या परिसंस्थेचा भाग आहे, तिचंही रक्षण करा, त्याच्या गुहा, खाण्याच्या जागा आणि येण्याजाण्याचे मार्ग जपा, असं ते सांगतं. हे लिहिणाऱ्यांना १९७३ मध्ये परिसंस्थेचा पायाच, म्हणजे समुद्रावरचा बर्फच, निघून जाईल असं वाटलं नसणार. तरी शब्द पुरेसे रुंद ठेवले, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

करार होण्याच्या आदल्या वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेनं सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. अमेरिकन कायद्यानं हौशी शिकार थांबवली आणि अलास्काच्या मूळ रहिवाशांचा पोटापाण्याचा हक्क शाबूत ठेवला. परिणाम दिसलाही. स्वालबार्डला लागून असलेल्या बॅरेंट्स समुद्राच्या परिसरात, जिथे त्या पेट्यांनी कहर केला होता, तिथे २००४ च्या मोजणीत सुमारे २,६५० अस्वलं निघाली. कायद्याला शिकारी माहीत होता, त्याचं नाव होतं, त्याच्या विमानाला नंबर होता.

मग बर्फ कमी व्हायला लागला.

हे अस्वल बर्फावर राहतं, एवढं म्हणून भागत नाही. त्याचं खाणंच बर्फावर अवलंबून आहे. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी वर येतो आणि अस्वल तिथे दबा धरून बसलेलं असतं. मोकळ्या पाण्यात सीलशी त्याची शर्यत होऊच शकत नाही. बर्फ वितळला की त्याला किनाऱ्यावर यावं लागतं आणि अंगातल्या चरबीवर दिवस काढावे लागतात. कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर चर्चिल नावाचं गाव आहे. तिथल्या अस्वलांची संख्या २०१६ च्या पाहणीत ८४२ धरली गेली आणि २०२१ मध्ये ६१८. एकूण जगाचा अंदाज साधारण २६,००० आहे. हा आकडा ऐकून काही जण विचारतात, मग एवढी काळजी कसली? याच प्रश्नावर अमेरिकेतल्या न्यायालयांत अनेक वर्षं युक्तिवाद झाले.

फेब्रुवारी २००५ मध्ये सेंटर फॉर बायोलॉजिकल डायव्हर्सिटी या संस्थेनं सरकारकडे अर्ज केला की पांढऱ्या अस्वलाला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घ्या, आणि कारण म्हणून हवामानबदल नोंदवा. अर्ज १६ फेब्रुवारीला केला, म्हणजे हरितगृह वायू कमी करण्याचा क्योटो करार अमलात आला त्याच दिवशी. वकील मंडळींना तारखांचं महत्त्व बरोबर कळतं. ही यादी ज्या कायद्याखाली होते, त्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याची एक खासियत आहे. निर्णय निव्वळ विज्ञानावर घ्यायचा असतो, आर्थिक फायदा-तोटा त्यात बघताच येत नाही. आणि प्रत्येक टप्प्याला मुदत असते. मुदत चुकली की न्यायालयात जाता येतं. पुढचा सगळा खेळ या दोन तरतुदींवर चालला.

सप्टेंबर २००७ मध्ये सरकारच्याच भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यानं अहवाल दिले. स्टीव्हन ॲम्स्ट्रप हे त्यातले प्रमुख शास्त्रज्ञ. शतकाच्या मध्यापर्यंत जगातली दोन तृतीयांश अस्वलं नाहीशी होऊ शकतात, असा निष्कर्ष होता. अंतिम निर्णयाची मुदत होती जानेवारी २००८. ती सरकारनं हुकवली. आणि ६ फेब्रुवारीला, यादीचा निर्णय ज्याच्या हाती होता त्याच अंतर्गत खात्यानं अलास्काजवळच्या चुकची समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांचा लिलाव केला. २.६६ अब्ज डॉलरच्या बोली लागल्या. तो समुद्र म्हणजे याच अस्वलांचं घर. आधी लिलाव आणि मग यादी हा क्रम योगायोगानं लागला असं ज्याला मानायचं असेल त्यानं मानावं. मला ते जमत नाही. त्या लिलावात सर्वांत मोठी रक्कम ओतणाऱ्या शेल कंपनीनं २०१५ मध्ये एक विहीर खणून, हाती फारसं न लागल्यामुळे तिथून काढता पाय घेतला, ही पुढची गोष्ट.

अखेर ओकलंडच्या न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी १५ मे ही तारीख ठरवून दिली. १४ मे २००८ रोजी अंतर्गत खात्याचे मंत्री डर्क केम्पथॉर्न यांनी घोषणा केली. अस्वल यादीत आलं. बर्फ वितळतोय हे कारणही मान्य झालं.

आता नीट ऐका. या कायद्यात दोन पायऱ्या आहेत. वरची, नष्टप्राय प्रजातींची, म्हणजे आत्ताच नामशेष होण्याच्या बेतात असलेल्यांची. खालची, नजीकच्या भविष्यात त्या अवस्थेला पोचतील अशांची. अस्वलाला खालच्या पायरीवर बसवलं. या पायरीचं वैशिष्ट्य असं, की कलम ४ च्या ‘ड’ पोटकलमानुसार खात्याला त्या प्रजातीपुरते वेगळे नियम करता येतात. मंत्र्यांनी तोच अधिकार वापरला. नियमाचा मथितार्थ असा होता: अलास्काबाहेरून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर या कायद्याखाली बोट ठेवता येणार नाही. ओहायोतलं कोळशाचं वीजकेंद्र अस्वलाच्या नावानं कुणी अडवू नये, ही त्यामागची धास्ती. घराला गळती लागली आहे हे लेखी मान्य करायचं आणि प्लंबरला छपरावर चढायला मनाई करायची, असा हा प्रकार झाला.

हा बुश सरकारचा डाव होता म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. ओबामा सरकारचे मंत्री केन सालाझार यांनी मे २००९ मध्ये तोच नियम कायम ठेवला. पर्यावरणाचा अभ्यास नीट केला नाही म्हणून २०११ मध्ये न्यायालयानं तो रद्द केला, तर २०१३ मध्ये सरकारनं अभ्यास जोडून जवळजवळ तसाच नियम परत आणला.

दुसऱ्या बाजूनंही खटले होते. अलास्का राज्यानं यादीलाच आव्हान दिलं. तेव्हा तिथल्या गव्हर्नर सेरा पेलिन होत्या. आज हजारो अस्वलं आहेत, तुम्ही ४५ वर्षांनंतरचा अंदाज बांधून आज बंधनं कशी लादता, हा त्यांचा मुद्दा. ४५ वर्षं म्हणजे अस्वलाच्या तीन पिढ्या. विद्यार्थ्यांना मी हा युक्तिवाद मुद्दाम वाचायला देतो, कारण तो पोकळ नाही. भविष्याबद्दल कायद्यानं किती खात्रीनं बोलावं, हा खरा प्रश्न आहे. मार्च २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं सरकारचा निर्णय योग्य ठरवला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. मंत्रालयानं आखलेल्या अधिवासाचीही, सुमारे १,८७,००० चौरस मैलांची, अशीच फरफट झाली. २०१३ मध्ये रद्द, २०१६ मध्ये अपिलात पुन्हा लागू.

इथे इन्युइट, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवासी लोकांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. शहरातल्या पर्यावरणप्रेमींच्या भाषणात ते हटकून वगळलं जातं. जगातली साधारण दोन तृतीयांश अस्वलं कॅनडात आहेत. तिथे गावागावांना शिकारीचा कोटा ठरवून दिलेला असतो. त्यातले काही टॅग, म्हणजे शिकारीचे परवाने, गाव बाहेरच्या शिकाऱ्यांना विकतं. वाटाड्या इन्युइट, प्रवास कुत्र्यांच्या घसरगाडीवरून. अमेरिकन शिकाऱ्यांना १९९४ नंतर कातडं घरी नेता येत होतं, ते २००८ मध्ये बंद झालं आणि ते गिऱ्हाईक गेलं. पण कोटा काही अमेरिकेच्या यादीवर ठरत नव्हता. पैसा गेला, अस्वल वाचलंच असं नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आणायचे अमेरिकेचे प्रस्ताव वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या (साइट्स) बैठकांत, २०१० मध्ये दोहाला आणि २०१३ मध्ये बँकॉकला, फेटाळले गेले, त्यात कॅनडाचा विरोध मोठा होता. ज्यांनी वातावरणात धूर सोडला नाही त्यांचं उत्पन्न एका फटक्यात थांबलं आणि वीजकेंद्रं नियमाच्या आड सुरक्षित राहिली, हे मला या प्रकरणातलं सर्वांत अन्यायाचं वाटतं.

ऑक्टोबर २००८ मध्ये अंतर्गत खात्याचे कायदा सल्लागार डेव्हिड बर्नहार्ट यांनी एक टिपण लिहिलं. अमुक एका प्रकल्पाच्या धुरामुळे अमुक अस्वलांचं अमुक नुकसान झालं, असं दाखवण्याइतकं विज्ञान पुढे गेलेलं नाही, म्हणून प्रकल्पाला परवानगी देताना अस्वलाचा विचार करण्याची गरज नाही, असा त्याचा आशय. वकील म्हणून मी या टिपणाला नावं ठेवणार नाही. कार्यकारणभाव सिद्ध करा, ही मागणी कायद्यात जुनीच आहे.

२०२३ मध्ये ॲम्स्ट्रप यांनी सेसिलिया बिट्झ यांच्याबरोबर ‘सायन्स’ नियतकालिकात नेमकं त्याच मागणीला उत्तर दिलं. एकूण किती उत्सर्जन झालं की बर्फाविना उपाशी राहण्याचे किती दिवस वाढतात, हे त्यांनी एकेका समूहासाठी मोजलं. चुकची समुद्रातल्या अस्वलांना १९७९ मध्ये सुमारे १२ दिवस उपास पडत होता, २०२० मध्ये १३७. तिथे उपासाचा एक दिवस वाढायला साधारण १४ अब्ज टन उत्सर्जन लागतं. म्हणजे एखाद्या प्रकल्पाच्या आयुष्यभराच्या धुराचा वाटा आता भागाकार करून काढता येतो. तो अतिशय छोटा येईल, हे उघड आहे. किती छोट्या वाट्याला दोष म्हणायचं, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांच्या हातातला नाही.

गोव्याचा धागा सांगतो. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं ‘हिमाद्री’ हे ठाणं २००८ पासून स्वालबार्डच्या न्यू-ऑलसुंडमध्ये आहे. तिथे वस्तीबाहेर पडताना आपल्या शास्त्रज्ञांनाही अस्वलाला पळवून लावायचं साधन बरोबर ठेवावं लागतं आणि बंदूक चालवायची ती जिवावर बेतलं तरच. तिथला कायदा कडक आहे. जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, तर मार्च ते जून ५०० मीटर लांब राहायचं बंधन आहे. पर्यटक नाराज आहेत.

आत्ता एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे: मग यादीत घेऊन मिळवलं काय? थोडंफार मिळालं. अलास्कात तेल कंपनीला मादीच्या गुहा शोधाव्या लागतात आणि सापडलेल्या गुहेपासून मैलभर लांब राहावं लागतं. आणि दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं, म्हणजे अपील न्यायालयाचा २०१३ चा तो निवाडा. हवामानाच्या अंदाजावर आधारलेला निर्णय न्यायालयात टिकतो हे एकदा ठरलं. २०१२ मध्ये अस्वलाचं मुख्य भक्ष्य असलेला कडेरी (रिंग्ड) सील आणि त्याच्याबरोबर दाढीवाला सील, हे दोघेही बर्फ कमी होतोय म्हणूनच यादीत आले. दाढीवाल्या सीलच्या बाबतीत अलास्कानं आणि तेल कंपन्यांच्या संघटनेनं पुन्हा तोच दूरच्या भविष्याचा मुद्दा मांडला. २०१६ मध्ये अपील न्यायालयानं तो फेटाळला.