जेरिको, 14 मार्च 2006: देखरेख उठली तो दिवस

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे पॅलेस्टिनी राजकीय कैदी. विषय केवढा तरी मोठा आहे, पण मी तुम्हाला एकाच तुरुंगाची हकीगत सांगणार आहे. ती मी वर्षानुवर्षं भेटेल त्याला सांगत आलो आहे, कारण परकी देखरेख म्हणजे काय हे तिच्याइतकं उघड मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

जेरिको हे गाव वेस्ट बँकेत, म्हणजे इस्रायलने व्यापलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशात, जॉर्डन नदीच्या खोऱ्यात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर खाली. उन्हाळा भाजून काढणारा, पण झऱ्यांचं पाणी असल्यामुळे खजूर, केळी, संत्री भरपूर. या गावातल्या पॅलेस्टिनी तुरुंगात 2002 च्या मे महिन्यात सहा कैदी आणले गेले. कैदी पॅलेस्टिनी, तुरुंग पॅलेस्टिनी, पहारेकरी पॅलेस्टिनी. आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवायला अमेरिकन आणि ब्रिटिश निरीक्षक. हे निरीक्षक निःशस्त्र होते. पुन्हा सांगतो, निःशस्त्र.

हे सहा जण तिथे कसे आले, ते थोडक्यात सांगतो. 27 ऑगस्ट 2001 ला इस्रायलने वेस्ट बँकेतल्याच रामल्ला शहरात क्षेपणास्त्रं डागून अबू अली मुस्तफा यांना त्यांच्या कचेरीतच ठार केलं. ते पॉप्युलर फ्रंट या डाव्या पॅलेस्टिनी संघटनेचे सरचिटणीस होते. 17 ऑक्टोबरला त्या संघटनेच्या माणसांनी जेरुसलेमच्या हयात हॉटेलात इस्रायलचे पर्यटनमंत्री रेहावाम झेएवी यांना गोळ्या घातल्या. झेएवी पंचाहत्तर वर्षांचे होते. त्यांचं राजकारण जहाल होतं, पॅलेस्टिनींना त्यांच्या भूमीतून बाहेर घालवा असं ते उघड म्हणत. तरीही हा खूनच होता, आणि खुनाचा खटला चाललाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पॉप्युलर फ्रंटचे नवे सरचिटणीस झाले अहमद सआदात. जानेवारी 2002 मध्ये यासर अराफात यांच्या पोलिसांनी त्यांना अटक केली. मार्चअखेर इस्रायली रणगाड्यांनी रामल्लामध्ये अराफात यांच्या मुख्यालयाला, मुकाटाला, वेढा घातला. सआदात आतच होते, झेएवींच्या खुनातले चार आरोपीही आतच होते. वेढ्यात असतानाच, त्याच इमारतीत, घाईघाईने लष्करी न्यायालय भरवून त्या चौघांना एक ते अठरा वर्षांच्या शिक्षा दिल्या गेल्या. मग तोडगा निघाला: हे चौघे, सआदात, आणि शस्त्रांनी भरलेल्या ‘करीन ए’ जहाजाच्या प्रकरणातले फुआद शुबाकी, असे सहा जण जेरिकोला जातील, त्यांच्यावर अमेरिका-ब्रिटनची देखरेख राहील, आणि वेढा उठेल. वेढा उठला.

इथे जरा थांबून मुकाटाबद्दल सांगू द्या. ती इमारत मुळात ब्रिटिशांनी बांधलेलं पोलीस ठाणं. अशा किल्लेवजा ठाण्यांना टेगार्ट किल्ले म्हणतात. हा टेगार्ट कोण? कलकत्त्याचा पोलीस कमिशनर सर चार्ल्स टेगार्ट! 1915 साली बंगालचे क्रांतिकारक बाघा जतीन यांच्यावर चालून गेलेला, आणि 1930 साली डलहौसी स्क्वेअरमध्ये क्रांतिकारकांच्या बॉम्बमधून वाचलेला तोच हा. बंगालमधली नोकरी संपल्यावर त्याला पॅलेस्टाइनमधला अरबांचा उठाव मोडण्यासाठी सल्लागार म्हणून नेलं गेलं, आणि त्याच्या शिफारशीवरून ही ठाणी देशभर उभी राहिली. आपल्या शाळेच्या पुस्तकांत स्वातंत्र्यलढा समुद्रकिनाऱ्यापाशी संपतो. ज्या अधिकाऱ्यांनी आपल्या राजबंद्यांना छळलं, ते पुढे कुठे गेले, तिथे त्यांनी काय केलं, हे मुलांना कोणी सांगत नाही. सांगितलं पाहिजे. इतिहासाचे दोन धडे कमी करा, पण हे सांगा.

असो. जेरिकोला परत येऊ.

कैदी आत गेले आणि महिनाभरातच, 3 जून 2002 ला, गाझामधल्या पॅलेस्टिनी उच्च न्यायालयाने आदेश दिला की सआदात यांच्याविरुद्ध पुरावा नाही, त्यांना सोडा. त्यांचंच न्यायालय, त्यांचंच सरकार. पण मंत्रिमंडळाने सांगितलं, सोडता येत नाही. बाहेर आले तर इस्रायल त्यांना मारेल. म्हणजे ज्याला न्यायालयाने मोकळं केलं तो माणूस जीव वाचावा म्हणून तुरुंगात! ना खटला, ना शिक्षा. आणि त्या चौघांपैकी एकाला तर एकच वर्षाची शिक्षा होती. ते वर्ष 2003 मध्येच संपलं, पण 2006 चा मार्च उजाडला तरी तो माणूस तिथेच होता. त्याला का ठेवलंय, असं विचारायचं तर कोणाला? पॅलेस्टिनी अधिकारी कराराकडे बोट दाखवणार. निरीक्षक म्हणणार, आम्ही फक्त पाहतो. किल्ली पॅलेस्टिनींच्या हातात, नजर अमेरिका-ब्रिटनची, धाक इस्रायलचा. हे तिन्ही लक्षात ठेवा: किल्ली एकाकडे, नजर दुसऱ्याची, धाक तिसऱ्याचा.

आणि ही नजर कशावर होती? भेटीला किती माणसं येतात, कोठडीची झडती होते का, टपाल तपासलं जातं का, मोबाइल फोन कोणाकडे आहे. कैदी नियम मोडतो का, हे पाहायला दोन देशांची माणसं. कैद्यावर बाहेरून कोणी चालून आलं तर काय करायचं, याची जबाबदारी मात्र त्यांच्यावर नव्हती.

2006 च्या जानेवारीत दोन गोष्टी घडल्या. पॅलेस्टिनी निवडणुकीत हमास जिंकली आणि या कैद्यांना सोडण्याची भाषा सुरू झाली. आणि त्याच निवडणुकीत सआदात तुरुंगातूनच विधिमंडळावर निवडून आले. 8 मार्चला अमेरिका आणि ब्रिटनच्या वाणिज्यदूतांनी राष्ट्राध्यक्ष महमूद अब्बास यांना पत्र लिहिलं: भेटी, झडत्या, फोन, टपाल यांबाबतच्या अटी तुम्ही पाळत नाही, आमच्या माणसांची सुरक्षितता सांभाळत नाही, हे सुधारलं नाही, तर आम्ही तडकाफडकी निघून जाऊ. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, ते पत्रात नव्हतं.

मंगळवार, 14 मार्च. अब्बास युरोपच्या दौऱ्यावर. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी निरीक्षक तुरुंगातून बाहेर पडले, गाडीत बसले आणि निघून गेले. अर्ध्या तासाच्या आत इस्रायली फौज तुरुंगाच्या भिंतीपाशी होती. अर्धा तास, श्रोतेहो! एवढ्या अवधीत रणगाडे आणि चिलखती बुलडोझर कुठून येतात? ते आधीच तयारीत होते. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी त्याच दिवशी संसदेत सांगितलं की अटी पाळल्या गेल्या नाहीत, आमच्या माणसांना धोका होता, म्हणून आम्ही निघालो. इस्रायलशी संगनमत होतं, हा आरोप लंडन आणि वॉशिंग्टननं फेटाळला. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण गेल्यावर काय होणार, हे ज्याला कळतं, त्याने कैद्याला वाऱ्यावर सोडून जाऊ नये. ठरवून गेलात की न ठरवता गेलात, कैद्याला काय फरक पडतो?

तुरुंगात तेव्हा सुमारे दोनशे कैदी होते. बहुतेकांचा या सहा जणांशी काही संबंध नव्हता. बाहेरून ध्वनिक्षेपकावर हुकूम: बाहेर या, शरण या. बुलडोझर भिंती पाडू लागले. तोफगोळे इमारतीत पडू लागले. आतून माणसं बाहेर येऊ लागली, कैदी आणि त्यांच्यावर पहारा करणारे शिपाई एकत्रच. सगळ्यांना कपडे उतरवायला लावलेले. अंगावर फक्त चड्डी, हात डोक्यावर, धुळीतून एकामागून एक चालताहेत. त्या रांगेत कैदी कुठला आणि पहारेकरी कुठला, ते ओळखूच येत नव्हतं. गणवेश तर दाराशीच उतरवून घेतला होता. मला त्या दिवसाची छायाचित्रं आठवली की सगळ्यात आधी ते पहारेकरी आठवतात. ते नोकरीवर होते हो! आपल्या गावात, आपल्या सरकारच्या नोकरीवर.

आणि सआदात आतून मोबाइलवरून अल जझीराशी बोलत होते. शरण जाणार नाही, असं सांगत होते. ज्या फोनबद्दल निरीक्षकांनी पत्रांवर पत्रं लिहिली, त्याच फोनवरून त्या दिवशी तुरुंगाच्या आत काय चाललंय ते जगाला कळत होतं. तो फोन नियमाने काढून घेतला असता, तर त्या दहा तासांतलं आपल्याला काय ऐकू आलं असतं? दुसरा साक्षीदार तर सकाळीच निघून गेला होता.

सुमारे दहा तासांनी, अंधार पडल्यावर, सहाही जण बाहेर आले आणि इस्रायलच्या ताब्यात गेले. किमान दोन पॅलेस्टिनी मारले गेले होते. तिकडे गाझामध्ये जमावाने ब्रिटिश कौन्सिलची कचेरी जाळली, परदेशी पत्रकारांना आणि मदतकार्यकर्त्यांना पळवून नेलं. ते लवकरच सुटले. त्या बिचाऱ्यांचा यात काय दोष होता? दुसऱ्या दिवशी अब्बास जेरिकोत आले आणि पडक्या तुरुंगातून फिरले. इस्रायलमध्ये दोन आठवड्यांवर निवडणूक होती. काळजीवाहू पंतप्रधान एहुद ओलमर्ट यांना कारवाईचा फायदा झाला, हे निराळं सांगायला नको.

पुढे काय झालं? इस्रायलच्याच ॲटर्नी जनरलने सांगितलं की झेएवींच्या खुनाचा आरोप सआदात यांच्यावर ठेवण्याइतका पुरावा नाही. गाझाच्या न्यायालयाने 2002 साली म्हटलं होतं तेच! तरीही बंदी घातलेल्या संघटनेचं नेतृत्व आणि त्यासारख्या आरोपांवरून इस्रायलच्या ओफर इथल्या लष्करी न्यायालयाने डिसेंबर 2008 मध्ये त्यांना तीस वर्षांची शिक्षा दिली. मार्च 2009 पासून तीन वर्षांहून अधिक काळ त्यांना एकांत कोठडीत ठेवलं. 17 एप्रिल 2012 ला दीड हजारांहून अधिक पॅलेस्टिनी कैद्यांनी उपोषण सुरू केलं. एकांतवास संपवा आणि गाझाच्या कैद्यांना घरच्यांची भेट मिळू द्या, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. गाझाच्या कैद्यांना 2007 पासून घरची भेट नव्हती. पाच वर्षं! 14 मे ला तडजोड झाली आणि सआदात इतर कैद्यांत परत आले. फुआद शुबाकी मार्च 2023 मध्ये सुटले, तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते.

भेटीचं पुन्हा सांगतो, कारण हे सहज कानाआड होतं. चौथ्या जिनिव्हा कराराच्या 76 व्या कलमाप्रमाणे व्याप्त प्रदेशातल्या कैद्याला त्याच प्रदेशात ठेवायला हवं. इस्रायल त्यांना बहुतांशी आपल्या हद्दीतल्या तुरुंगांत ठेवतं. त्यामुळे आईला मुलाला भेटायचं तर आधी लष्कराचा परवाना लागे, आणि मग पहाटे रेडक्रॉसची बस. रेडक्रॉसने हे काम 1968 पासून चालवलं. तुरुंगात जाऊन कैद्यांची विचारपूसही त्यांचीच माणसं करत. ही देखरेख मला खरी वाटते, कारण ती कैद्याच्या बाजूने पाहते: जेवण मिळतं का, औषध मिळतं का, मारहाण होते का.

ऑक्टोबर 2023 मध्ये हमासच्या हल्ल्यानंतर इस्रायलने या भेटी थांबवल्या. हमासने ओलिसांना रेडक्रॉसला भेटू दिलं नाही, तेही तितकंच निंद्य होतं. पण सरकारच्या कोठडीतल्या माणसाची जबाबदारी सरकारचीच असते. विनाखटला स्थानबद्ध केलेल्यांची संख्या तीन हजारांच्या वर गेली. बाहेर आलेल्या कैद्यांचे हात-पाय काड्यांसारखे झालेले लोकांनी पाहिले. इस्रायलमधल्याच नागरी हक्क संघटना न्यायालयात गेल्या. 7 सप्टेंबर 2025 ला इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी निकाल दिला: सरकार या कैद्यांना पुरेसं अन्न देत नाही, ते दिलं गेलं पाहिजे. हा निकाल पाळला जातो का, थाळीत काय पडतं, हे आत जाऊन बघणार कोण? रेडक्रॉसला तर त्या दिवशीही तुरुंगाची दारं बंदच होती.

नमस्कार.