पंतप्रधान जहाजावर आणि वरून घरचेच बॉम्ब

नमस्कार श्रोतेहो. आज थायलंडच्या नौदलाबद्दल बोलू या. जहाजं, विमानं, तोफा, पाणबुड्या, सगळंच आलं त्यात. पण यादी वाचून दाखवत नाही. टनांचे आणि मिलिमीटरचे आकडे रेडिओवर या कानातून शिरतात आणि त्या कानातून बाहेर पडतात. एकच गोष्ट लक्षात ठेवा: या नौदलाच्या पाणबुड्या शत्रूनं बुडवल्या नाहीत, त्या घरच्या भांडणात गेल्या. आता ते भांडण सांगतो.

२९ जून १९५१. बँकॉक शहर, चाओ फ्राया नदीचा काठ. अमेरिकेनं थायलंडला गाळ उपसणारं एक जहाज देऊ केलं होतं, नाव मॅनहॅटन. ते ताब्यात घ्यायचा समारंभ होता. आता गाळ काढायच्या जहाजासाठी साक्षात पंतप्रधान कशाला हवेत? पण फीत कापायला मोठा माणूस बोलावण्याची हौस आपल्याकडेच आहे असं नाही. तर पंतप्रधान फील्ड मार्शल फिबुन सोंगक्राम आले, परदेशी पाहुणे आले. फिबुन जहाज बघायला चढले आणि नौदलाचे काही तरुण अधिकारी टॉमीगन, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगन, रोखून पुढे झाले. सगळ्या पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी पंतप्रधानांना उचललं!

उचललं आणि नेलं कुठं? नदीतच उभ्या असलेल्या ‘श्री अयुथया’ या युद्धनौकेवर. म्हणजे आपल्या भाषेत श्री अयोध्या. जपानमध्ये कोबेला बांधलेली, आठ इंची चार तोफांची, नौदलाची मानाची नौका. लष्करानं सगळी सत्ता बळकावली आहे, याचा राग नौदलात बरीच वर्षं खदखदत होता. बेत असा, की पंतप्रधानांना घेऊन नदीतून खाली नौदलाच्या तळाकडे निघायचं आणि मग सरकारशी वाटाघाटी करायच्या.

पण वाटेत पूल होता. मेमोरियल ब्रिज. मधोमध दुभंगून वर उचलला जाणारा पूल. मोठं जहाज जायचं तर तो उचलायला हवा. तो उचललाच गेला नाही. आठ इंची तोफा असलेली युद्धनौका बंद फाटकासमोर अडकलेल्या एसटीसारखी नदीत अडली, मागं फिरली. बंड फसलं ते इथं. तोफांनी नव्हे हो, एका पुलानं!

दुसऱ्या दिवशी शहरात नौदल एका बाजूला आणि लष्कर, पोलीस, हवाई दल दुसऱ्या बाजूला अशी धुमश्चक्री झाली. हवाई दलाची विमानं आली आणि त्यांनी श्री अयुथयावर बॉम्ब टाकले. पुन्हा सांगतो. पंतप्रधान त्याच जहाजावर होते, हे ठाऊक असताना टाकले. जहाजानं पेट घेतला. मग ज्यांनी पळवून आणलं, त्यांनीच फिबुन यांना जीवरक्षक जाकीट दिलं आणि वयाची पन्नाशी ओलांडलेला तो फील्ड मार्शल नदीत उतरून पोहत काठाला लागला. जिवंत राहिला, आणि पुढं १९५७ पर्यंत पंतप्रधानही राहिला. जहाज मात्र नदीतच बुडालं.

गंमत अशी, की याच नौकेची जुळी बहीण ‘थोनबुरी’. १९४१ च्या जानेवारीत फ्रेंचांशी को चांगची लढाई झाली, त्यात ती गेली. मारा फ्रेंचांचा होता, पण त्या धामधुमीत थाई विमानानं चुकून तिच्यावरही बॉम्ब टाकला होता. दोन बहिणी, आणि दोघींना घरच्याच विमानांचा प्रसाद!

बंडाची शिक्षा सबंध नौदलाला झाली. विमानं काढून हवाई दलाला दिली. आणि १९५१ सालीच चारही पाणबुड्या सेवेतून काढल्या. त्या चारही कोबेच्याच, १९३८ पासूनच्या. एकीचं नाव मच्छानु, म्हणजे त्यांच्या रामायणातला हनुमानाचा पुत्र, आपला मकरध्वज. खरं तर युद्धानंतर जपानकडून सुटे भाग मिळेनात, बॅटऱ्या थकल्या होत्या. पण त्या बॅटऱ्यांचं काय सांगू! १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यांत बँकॉकची वीजकेंद्रं बंद पडली, तेव्हा धक्क्याला लागलेल्या पाणबुड्यांनी शहराच्या ट्रामला वीज पुरवली होती.

वेळ थोडा उरला, तेव्हा आजचं भरभर सांगतो. १९८९ च्या ‘गे’ नावाच्या वादळात बचावाला मोठं जहाज हवं असं जाणवलं आणि १९९७ मध्ये स्पेनमध्ये बांधलेली ‘चक्री नरुएबेत’ ही विमानवाहू नौका आली. जेमतेम १८२ मीटर लांबीची. त्याच वर्षी थायलंडचा पैसा कोसळला. स्पेनकडून वापरलेली हॅरियर, म्हणजे सरळ उभी उतरू शकणारी लढाऊ विमानं घेतली होती, ती २००६ मध्ये निवृत्त झाली. आपली हॅरियर गोव्यात दाबोळीला २०१६ पर्यंत होती. ती नौका आता हेलिकॉप्टरं आणि मदतकार्यासाठी, आणि सत्ताहिप या नौदल तळावर लोकांना बघायलाही मिळते. आपली जुनी विक्रांत त्याच १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय झाली आणि शेवटी दारूखान्यात तोडली. मला ते अजून पटलेलं नाही. असो.

२०१९ मध्ये कोरियात बांधलेली नवी फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका आली, ‘भूमिबोल अदुल्यादेज’. आणि डिसेंबर २०२२ मध्ये ‘सुखोथाई’ ही कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, वादळात बुडाली, २४ जण गेले, ५ सापडले नाहीत. जहाजावर जादा माणसं घेतली होती आणि सगळ्यांना पुरतील एवढी जाकिटं नव्हती.

आणि पाणबुड्या? सत्ताहिपला पाणबुडी तुकडीचं मुख्यालय २०१४ मध्येच बांधून झालं, सिम्युलेटरसकट. पाणबुडी मात्र नव्हती. २०१७ मध्ये चीनकडे मागणी नोंदवली, इंजिन जर्मन ठरलं. चीनवर युरोपची शस्त्रबंदी, म्हणून जर्मनांनी इंजिन द्यायला नकार दिला. काम वर्षानुवर्षं रखडलं. अखेर २०२५ मध्ये थाई मंत्रिमंडळानं चिनी इंजिनाला होकार दिला. १९५१ पासून मोजा, चौऱ्याहत्तर वर्षं झाली. नमस्कार.