विक्सबर्ग : ४७ दिवसांचा वेढा

(दृश्य : नदीचा नकाशा. उत्तरेकडून खाली सरकत विक्सबर्गपाशी थांबतो.)

साल १८६३. अमेरिकेत यादवी पेटून दोन वर्षं झाली आहेत : एकीकडे उत्तरेची राज्यं, दुसरीकडे फुटून निघालेली दक्षिणेची गुलामगिरीवाली राज्यं. नदीकाठची दक्षिणेची शहरं, न्यू ऑर्लिन्स आणि मेम्फिस, उत्तरेच्या हाती पडली आहेत. एवढ्या लांबलचक मिसिसिपी नदीवर दक्षिणेच्या ताब्यात उरलाय तो विक्सबर्ग ते पोर्ट हडसन एवढाच पट्टा. टेक्सासची गुरं, लुईझियानाची साखर आणि मीठ याच पट्ट्यातून पलीकडच्या फौजांना पोचतं. तो गेला, की दक्षिणेचे सरळ दोन तुकडे.

गाव तसं लहान, साडेचार हजार वस्तीचं. पण मोक्याचं. नदीपासून सुमारे २०० फूट उंच कड्यावर वसलेलं, आणि त्याच्या पायथ्याशी नदी अशी काही उलटी फिरते, की प्रत्येक आगबोटीला वेग कमी करावाच लागतो. नेमका तिथे तोफांचा मारा.

उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट. डिसेंबर १८६२ मध्ये त्याचा सहकारी शर्मन उत्तरेच्या बाजूने चालून गेला आणि मार खाऊन परतला. मग हिवाळाभर ग्रँटच्या माणसांनी फावडी हातात घेतली. वळणाच्या चिंचोळ्या जागेतून कालवा काढायचा, नदी तिकडून वळवायची आणि गावाला कोरडं पाडायचं, असा बेत. चिखल, पूर, रोगराई. माणसं कामावरच मेली. मार्चमध्ये काम सोडून दिलं. गंमत म्हणजे १८७६ साली नदीने स्वतःच ती चिंचोळी जागा फोडली आणि विक्सबर्गला बाजूला टाकून ती निघून गेली. गावापुढे पुन्हा पाणी आणायला १९०३ साल उजाडलं; तेही याझू नदी वळवून.

(दृश्य : रात्र. काठावर जळणारी घरं, पाण्यावर लाल उजेड.)

१६ एप्रिलची रात्र. अॅडमिरल पोर्टरचा ताफा दिवे मालवून तोफांखालून निघाला. बॉयलरला गोळे लागू नयेत म्हणून बोटींच्या कडेने कापसाच्या गाठी आणि ओलं गवत रचलेलं. दक्षिणेच्या लोकांनी नेम दिसावा म्हणून पलीकडच्या काठावरची घरं पेटवली. तरीही बुडाली ती एकच मालवाहू बोट.

कापसाच्या गाठी म्हटल्यावर मराठी माणसाने इथे जरा थांबावं. दक्षिणेचा हाच कापूस उत्तरेने बंदरांच्या केलेल्या नाकेबंदीमुळे मँचेस्टरला पोचेना, म्हणून इंग्रज गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत बडा दलाल प्रेमचंद रायचंदच्या जोरावर शेअरसट्टा माजला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळा फुगा फुटला. हाच ग्रँट पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि निवृत्तीनंतर जगप्रवासाला निघाला तेव्हा १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईतही उतरला होता.

असो. बोटी खाली आल्या, आता फौज नदीपार करायची. उतरायचं कुठे? हे सांगितलं एका स्थानिक काळ्या माणसाने : ब्रुइन्सबर्गला उतरा, तिथून चांगला रस्ता आहे. त्याचं नाव इतिहासात नाही. सल्ला मात्र ग्रँटने आत्मचरित्रात नोंदवून ठेवलाय. ३० एप्रिलला फौज पूर्व काठावर आली.

यापुढचे अठरा दिवस म्हणजे या सगळ्या प्रकरणाचा प्राण आहे. वेढ्याच्या गोष्टी लोक चवीने सांगतात, पण विक्सबर्ग खरं तर वेढा पडण्याआधीच हरलं होतं. ग्रँटने पिछाडीच्या रसदेची फार वाट पाहिली नाही. मळेवाल्यांच्या शानदार बग्ग्या जप्त केल्या आणि त्यात छतापर्यंत काडतुसांच्या पेट्या भरल्या. ओढायला खेचरं, बैल, मिळेल ते जनावर. खायचं ते वाटेतल्या कोठारांतून. पोर्ट गिब्सन, रेमंड, जॅक्सन, चॅम्पियन हिल, बिग ब्लॅक नदी : १ ते १७ मे दरम्यान पाच लढाया, पाचही जिंकल्या.

समोर होता जॉन पेम्बर्टन. जन्म फिलाडेल्फियाचा, म्हणजे उत्तरेचा. बायको व्हर्जिनियाची, म्हणून दक्षिणेकडून लढणारा. त्यात दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस म्हणतो, गाव सोडायचं नाही. वरिष्ठ सेनापती जॉन्स्टन म्हणतो, गाव गेलं तरी चालेल, फौज वाचवा. दोन घरचा पाहुणा उपाशी. पेम्बर्टनने अर्धं याचं ऐकलं, अर्धं त्याचं, आणि चॅम्पियन हिलवर मार खाऊन फौजेसकट गावात कोंडला गेला.

१९ आणि २२ मेला ग्रँटने थेट हल्ले केले. दुसऱ्या हल्ल्यात त्याची सुमारे ३,२०० माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता. जखमी आणि मेलेले दोन्ही मोर्च्यांच्या मध्ये उन्हात पडून राहिले. दुर्गंधी इतकी सुटली, की २५ तारखेला पेम्बर्टननेच लढाई थांबवण्याची विनंती केली. अडीच तास प्रेतं पुरली गेली, आणि तेवढ्यात दोन्हीकडचे शिपाई गप्पा मारत बसले होते.

(दृश्य : पिवळसर मातीचा कडा, त्यात कोरलेली दारं.)

हल्ले फसले, तेव्हा ग्रँट वेढा आवळून बसला. मग गावात सुरू झाली उपासमार. नदीतून आणि जमिनीवरून, दोन्हीकडून गोळे येत होते. इथली माती मऊ, पण सरळ कापली तरी ढासळत नाही. लोकांनी डोंगरात गुहा खणल्या. खणल्या म्हणजे बहुतेक गुलामांकडून खणवून घेतल्या. आत गालिचे, पलंग, आरसे. उत्तरेचे शिपाई या वस्तीला बिळं करून राहणाऱ्या प्रेअरी डॉगचं गाव म्हणून चिडवत. खायला वाटाण्याच्या जातीच्या कडधान्याच्या पिठाची भाकरी : बाहेरून दगड, आतून कच्ची. शेवटी खेचराचं मांस.

२५ जूनला उत्तरेच्या खाणकामगार शिपायांनी लुईझियानाच्या पलटणीच्या बुरुजाखाली २,२०० पौंड दारू ठासून सुरुंग उडवला. खड्डा पडला, त्यात दिवसभराहून जास्त वेळ झटापट झाली. हाती काही लागलं नाही.

गावातलं वर्तमानपत्र ‘डेली सिटिझन’ मात्र निघतच होतं. कागद संपला, तर भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापलं. २ जुलैच्या अंकात थट्टा आहे : ग्रँटला म्हणे ४ जुलैला विक्सबर्गात जेवायचंय, ससा शिजवायचा तर आधी ससा पकडा म्हणावं. दोनच दिवसांनी उत्तरेचे शिपाई छापखान्यात शिरले. खिळे जुळवून तयार होते. त्यांनी खाली चार ओळी जोडल्या, की ग्रँटने ससा पकडलाय आणि तो गावात जेवलाही आहे, आणि अंक छापून टाकला.

४ जुलै ही तारीख पेम्बर्टनने मुद्दाम निवडली. स्वातंत्र्यदिनी उत्तरेचे लोक अटी सैल करतील, हा त्याचा हिशोब. तो काही अंशी खराही ठरला. ग्रँटला आधी बिनशर्त शरणागती हवी होती. पण साडेएकोणतीस हजार कैदी उत्तरेत न्यायला बोटी कुठून आणायच्या? पुन्हा लढणार नाही असं लिहून घेऊन त्यांना सोडून दिलं. १७२ तोफा ताब्यात आल्या. आदल्याच दिवशी तिकडे पूर्वेला गेटिसबर्गच्या लढाईत दक्षिणेचा सेनापती ली हरला होता. ९ जुलैला पोर्ट हडसनही पडलं, आणि १६ तारखेला सेंट लुईसहून निघालेली ‘इम्पिरियल’ आगबोट विनाअडथळा न्यू ऑर्लिन्सला लागली.

दक्षिणेत पेम्बर्टनला फितूर म्हणणारे कमी नव्हते. त्याच्या हाताखाली काम करायला कुणी तयार होईना, तेव्हा १८६४ मध्ये त्याने लेफ्टनंट जनरलचं पद सोडलं आणि रिचमंडच्या तोफखान्यात साधा लेफ्टनंट कर्नल म्हणून रुजू झाला.