ओठांवरचं कोड आणि गोंदलेला रंग

(दृश्य: दवाखान्यातला आरसा. छोट्या ट्रेमध्ये तपकिरी, तांबूस, काळ्या रंगांचे थेंब.)

हातावरचं कोड बाहीआड झाकता येतं, ओठांवरचं नाही. लिपस्टिक लावली तर चहाच्या घोटाबरोबर ती कपाला लागते. पुरुषांना तर तेवढाही आडोसा नाही.

कोडात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते. ते स्पर्शाने पसरत नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. लग्नाच्या बोलणीत आजही हे समजावत बसावं लागतं, याची चीड येते.

चेहऱ्यावरचे डाग औषधांनी, प्रकाशोपचाराने पुष्कळदा भरतात, कारण केसांच्या मुळांशी रंगपेशींचा साठा असतो आणि रंग तिथूनच परततो. ओठांना केस नसतात, म्हणून औषधं इथे अनेकदा थिटी पडतात. मग दोन वाटा उरतात. एक म्हणजे त्वचेचं किंवा रंगपेशींचं कलम, आणि दुसरी गोंदण. पार्लरमध्ये ज्याला परमनंट मेकअप म्हणतात, तेच तंत्र इथे उपचार म्हणून वापरलं जातं.

(दृश्य: यंत्राची सुई, जवळून.)

आधी ओठ बधिर करतात. मग यंत्राच्या बारीक सुया रंग वरच्या थराखाली पोचवतात. वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा येतो, त्यामुळे तिथला रंग टिकत नाही. आणि फार खोल गेला तर काळा रंग निळसर दिसू लागतो. आजीच्या कपाळावरचं, मनगटावरचं गोंदण हिरवट-निळं दिसतं ते यामुळेच. म्हणून हातातलं कसब इथे महत्त्वाचं. रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडचे असतात. रुग्णाच्या उरलेल्या ओठाशी ताडून ते मिसळतात. सुरुवातीला रंग गडद दिसतो, मग खपली धरते आणि पडते. खरी छटा कळायला काही आठवडे जातात. पुढे रंग फिका पडत जातो आणि पुन्हा भरावा लागतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. कोड स्थिर झाल्याशिवाय सुई लावून घेऊ नका. निदान वर्षभर नवा डाग आलेला नसावा, जुना वाढलेला नसावा, खरचटलं तिथे पांढरं पडलेलं नसावं. कोड चढतं असताना सुईची जखमच नव्या डागाला निमंत्रण देते. हे पारखणं त्वचारोगतज्ज्ञांचं काम आहे. सवलतीची जाहिरात बघून पार्लरच्या खुर्चीत बसणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारतही नाही, आणि नुकसान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

ओठांवर पूर्वी नागीणीसारखे पाण्याचे फोड येऊन गेले असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. सुईमुळे त्या फोडांचे विषाणू पुन्हा उसळू शकतात, त्यावर आधीपासून गोळ्या देता येतात. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या असाव्यात आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही दूषित सुईतून पसरू शकतात. भारतात टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, तेही यामुळेच.

(दृश्य: लेझर यंत्र.)

नको झालं तर लेझरने पुसू, असं कोणी म्हटलं तर सावध राहा. लोहाचे आणि टिटॅनियमचे रंग लेझरने कधी कधी उलट काळेच पडतात. एमआरआय काढताना अशा रंगामुळे क्वचित जळजळ किंवा सूज येते. तपासणी टाळायची नाही, पण तंत्रज्ञाला सांगायचं.

गोंदणाने रंग मिळतो, रंगपेशी मिळत नाहीत. कोड पुढे वाढलं तर गोंदलेल्या भागाच्या कडेने पांढरी रेघ उमटू शकते. हे आधी ऐकूनच होकार द्यावा.

आणि नकार द्यायचा असेल, तर तोही मोकळेपणाने द्यावा. पुण्यात श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांना एकत्र आणते, त्यांच्यासाठी वधू-वर मेळावे भरवते. ओठ रंगवून घ्यायचे की नाही हे ज्याच्या ओठांवर कोड आहे त्यानेच ठरवायचं, बघायला आलेल्या पाहुण्यांनी नाही.