घोडनदीकाठचे पहिले शेतकरी

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा. 'प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी का उदयाला आल्या?' उत्तर ठरलेलं असायचं : बारमाही पाणी, सुपीक गाळ, दळणवळणाची सोय. तीन मुद्दे लिहिले की पूर्ण गुण. नाईल, युफ्रेटिस, सिंधू ही नावं आपल्याला तेव्हापासून पाठ आहेत. पण नदी तर आपल्या घोडलाही म्हणतात, प्रवरेलाही म्हणतात. त्यांच्या काठावरही साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी राहत होते, धान्य पिकवत होते, रंगीत भांडी घडवत होते. मग तिथं मोहेंजोदडो का उभं राहिलं नाही? आजचं बोलणं या प्रश्नाभोवती आहे, आणि त्यासाठी आपण जाणार आहोत पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, इनामगावला.

इनामगाव घोड नदीच्या उजव्या काठावर आहे. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ मध्ये उत्खनन सुरू केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही या कामातली मोठी नावं. काम थोडंथोडकं चाललं नाही, १९८३ पर्यंत चाललं. एखादा खड्डा घेऊन खापरं मोजायची आणि निघायचं, असं न करता त्यांनी आडवं, ऐसपैस खणलं. त्यामुळे घरामागून घर उघडं होत गेलं. शंभराहून जास्त घरं मिळाली. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांचं अख्खं गाव आपल्याला दिसतं ते या चिकाटीमुळे.

हे गाव वसलं इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास. पहिले लोक माळव्याकडून आले, म्हणून त्या काळाला माळवा संस्कृती म्हणतात. इसवी सनापूर्वी १४०० च्या आसपास जोर्वे संस्कृती सुरू झाली. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं गाव. तिथं पहिल्यांदा ही भांडी सापडली म्हणून नाव त्याचं. लाल रंगाची, पातळ, चांगली भाजलेली भांडी, त्यावर काळ्या रंगात रेघा नि चौकटी. टिचकी मारली तर खणखणीत वाजतात. तोटीचा चंबू हा त्यांचा खास प्रकार.

आता एका घरात डोकावू. साधारण पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद. मातीच्या बुटक्या भिंती, वर कुडाचं काम, त्यावर गवताचं छप्पर. आत चोपून घट्ट केलेली जमीन. एका बाजूला चूल. जवळच चार सपाट दगड मांडलेले, त्यावर धान्याची मोठी कणगी ठेवायची. जमिनीत धान्य साठवायचं गोल पेव. दळायला पाटा. शेजारच्या घरामध्ये नि या घरामध्ये माणसाला जायला बोळ सोडलेली. ज्यांचं लहानपण खेड्यात गेलंय त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

परकं वाटेल ते ताटात. भिस्त ज्वारीवर नाही, बाजरीवर नाही. या लोकांचं मुख्य धान्य होतं सातू, म्हणजे जव. जोडीला थोडा गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल. सातूचा माग काढत गेलं तर आपण बलुचिस्तानातल्या मेहेरगढला पोहोचतो. तिथं इसवी सनापूर्वी सात हजारच्या सुमारास सातू पिकत होता. तोच पुढे सिंधूच्या खोऱ्यातल्या नगरांचं पोट भरत राहिला आणि पिढ्यान्‌पिढ्या सरकत दख्खनच्या पठारावर आला. गुरं, शेळ्या-मेंढ्या होत्या. गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे मांस खाल्लं जात होतं. हरणाची शिकारही होत होती. हे ऐकून कुणाच्या भुवया उंचावल्या तर उंचावोत, हाडं खोटं बोलत नाहीत.

सातू रब्बीचं पीक. पावसाळा संपल्यावर पेरायचं आणि जमिनीतल्या ओलीवर काढायचं. इथं आपल्या प्रश्नाचा पहिला धागा हाती लागतो. नाईलला पूर यायचा तो इथिओपियाच्या डोंगरातल्या पावसानं. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच, तरी दरवर्षी पाणी शेतावर पसरायचं, ओसरताना ताजा गाळ ठेवून जायचं. सिंधूचं तेच. शेतकऱ्यानं ओसरत्या पाण्यामागे बी टाकायचं. आमची घोड सह्याद्रीत उगम पावते आणि पर्जन्यछायेच्या मुलखातून वाहते. तिचं पात्र खोल कापलेलं, काठ उंच. पूर आला तरी तो दरडीच्या आतून धावत जातो, मैलोन्‌मैल शेतावर गाळ अंथरत नाही. उन्हाळ्यात नदीत डोह तेवढे उरतात. आणि नदीपासून जरा दूर गेलं की काळी जमीन. उन्हात तडकणारी, पावसात चिकटणारी. लोखंडाचा फाळ नसताना ती नांगरायची कशी? या लोकांकडे तांबं होतं, तेही मोजकंच. रोजची हत्यारं गारगोटीच्या जातीच्या दगडाची. त्यामुळे शेती नदीकाठच्या मऊ गाळाच्या पट्ट्यापुरतीच राहिली.

तरी ही माणसं हातावर हात ठेवून बसली नाहीत. इनामगावला त्यांनी गावाच्या कडेला चांगला चार मीटर रुंद पाट खोदला, शंभर मीटरांहून लांब. त्याला दगडमातीचा बांध घातला. पुराचं पाणी या पाटात वळवून साठवायचं आणि हिवाळ्यात पिकाला द्यायचं, असा संशोधकांचा अर्थ आहे. एका कुटुंबाचं हे काम नव्हे. गाव जमवावं लागतं, कुणीतरी हाक द्यावी लागते, नि ती ऐकली जावी लागते.

हाक देणाराही सापडला आहे. गावाच्या मधल्या भागात पाच खोल्यांचं एक घर मिळालं. बाकीचे एका खोलीत संसार करत असताना हा पाच खोल्यांत. आणि लगतच धान्याचं कोठार. पाच खोल्यांपेक्षा मला कोठाराची ती जागा महत्त्वाची वाटते. गावकऱ्यांचं धान्य प्रमुखाच्या दारात जमा होत असणार. सातूची आवक-जावक हा प्राचीन काळी इतरत्रही कळीचा मामला होता. इराकमधल्या उरुक शहरात इसवी सनापूर्वी तीन हजार तीनशेच्या सुमारास मातीच्या पाट्यांवर लेखन सुरू झालं ते अशाच हिशेबांसाठी. तिथं कोठारं इतकी मोठी झाली की कारकून लागले. इनामगावचं कोठार डोक्यातल्या हिशेबावर चाललं. कुंभार, चुना करणारे, मणी घडवणारे गावाच्या पश्चिम कडेला राहत. खातेपिते शेतकरी मध्यावर. गावात कुणी कुठं राहायचं याची ही मांडणी पाहून पुढच्या काळातली गावं आठवतात. अर्थात तिथून थेट बलुतेदारीपर्यंत रेघ ओढायची घाई मी करणार नाही.

मरणातही फरक होता. मोठं माणूस गेलं की घरातच जमिनीखाली पुरत, डोकं उत्तरेला, आणि पावलं घोट्यापाशी तोडलेली. गेलेल्यानं उठून जाऊ नये, असा त्यामागचा समज असावा. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत. इनामगावच्या दफनांमध्ये मुलांचीच संख्या जास्त आहे. ती घरं बघताना हे विसरता येत नाही. एकाच दफनानं मात्र सगळे नियम मोडले. चार पायांचा, फुगीर पोटाचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण, त्यात बसलेल्या स्थितीत एक प्रौढ पुरुष. त्याची पावलं शाबूत. गावानं ज्याला एवढा मान दिला तो गावचा प्रमुखच असणार, असं उत्खनकांनी मानलं.

बाहेरच्या जगाची खबर या पठाराला नव्हती असं समजू नका. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी, १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला तांब्या-ब्रॉंझच्या चार मूर्ती मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जुंपलेला रथ, त्यावर उभा माणूस. चौघांचं वजन मिळून साठ किलोंच्या वर. दायमाबादला उत्तर-हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळाचा थर आहे, सिंधू लिपीची अक्षरंही तिथं मिळाली. सिंधूची नगरं इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास मोडू लागली, तेव्हा त्या जगाचा एक धागा प्रवरेपर्यंत पोहोचला होता. पण दायमाबाद जोर्वे काळात मोठं झालं ते वीसेक हेक्टरांपर्यंत. मोहेंजोदडो त्याच्या दसपटीहून मोठं. जोर्वे काळातली गावं दोनशेंच्या वर माहीत आहेत, बहुतेक अगदी लहान. कौशल्य होतं, कलाकुसर होती. नगर पोसण्याइतकं वरकड धान्य नव्हतं, आणि ते कसं असणार, पट्टाच चिंचोळा.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटलं. तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यातली गावं ओस पडली. भीमेच्या खोऱ्यातले, म्हणजे आपल्या घोडकाठचेही, लोक तेवढे तग धरून राहिले. इनामगावच्या वरच्या थरांत ते दिसतं. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांवरची नक्षी उणावली, भांडी जाडीभरडी झाली. शेतीपेक्षा शेळ्या-मेंढ्यांवर आणि शिकारीवर भिस्त वाढली. असं तीनेकशे वर्षं चाललं. दुष्काळ म्हटला की आपल्याला एक-दोन वर्षांचा हिशेब आठवतो. इथं दहा-बारा पिढ्यांनी गरिबी अंगवळणी पाडून घेतली, पण जागा सोडली नाही. अखेर इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास इनामगाव उठलं. माणसं बहुधा कळपांमागे फिरती झाली.

काळी जमीन त्यानंतरही बराच काळ थांबली. लोखंडाचा फाळ तिच्यात उतरला, व्यापारी वाटा घाट ओलांडून कोकणातल्या बंदरांना भिडल्या, तेव्हा सातवाहनांच्या काळात पैठण, तेर, जुन्नर ही नगरं वर आली. त्यातलं पैठण गोदावरीच्याच काठी आहे, जिच्या खोऱ्यातून जोर्वे शेतकरी काढता पाय घेऊन गेले होते. नदी तीच होती, नांगर बदलला होता.

नमस्कार.