भुरी खाणारा पिवळा ढालकिडा

श्रोतेहो नमस्कार! लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, खातो हे शेतकरी मंडळींना मी वेगळं सांगायला नको. पण आज बोलायचंय ते युरोपातल्या बावीस ठिपक्यांच्या ढालकिड्याबद्दल, पिवळाधमक, चकचकीत, जेमतेम ३ ते ५ मिलिमीटरचा, आणि तो मावा खात नाही, भुरी खातो, म्हणजे पानांवर पांढऱ्या पुडीसारखी पसरते ती बुरशी. परत सांगते, मावा नाही, भुरी!

तर झालं असं, आमची ताई-दाजींची लेक इंग्लंडात केंटला असते, एका ऑगस्टमध्ये आम्ही सगळे तिच्याकडे गेलेलो. दाजी तासगावचे, आख्खी हयात द्राक्षबागेत गेलेली. भाचीच्या परसात भोपळ्याच्या वेलाची पानं भुरीनं पांढरीफटक पडलेली आणि त्यावर हे पिवळे किडे फिरतायत. दाजी लगेच म्हणाले, "पोरी, हा हड्डा दिसतोय, पानांची चाळण करून टाकंल, आधी चिरड." ती म्हणाली, "बाबा थांबा, आधी बघा तरी," आणि भिंग आणून हातात दिलं. (घरात एक भिंग हवंच बरं का, टीव्ही थोडा लहान घेतला तरी चालेल पण पोरांच्या हाताला भिंग लागलं पाहिजे.)

दाजी वाकून बघत राहिले. किडा चरत पुढं गेला की मागची पांढरी पूड गायब, खालून हिरवं पान वर आलेलं, एक भोक नाही की ओरखडा नाही. बाजूला त्याची अळी, तीही पिवळी, अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी, तीही तेच खात होती. दाजी म्हणाले, "आयला, आम्ही ह्या भुरीवर गंधक मारून मारून थकलो आणि ह्याचं जेवणच ते!" मग ठिपके मोजले, ह्या पंखावर अकरा, त्या पंखावर अकरा.

आता थोडक्यात. तो पिवळा रंग म्हणजे पक्ष्यांना इशारा, छेडलं की पायाच्या सांध्यांतून कडवट पिवळा रस सोडतो. हिवाळा गवताच्या बुडाशी, पालापाचोळ्यात काढतो. एकटा किडा भुरी संपवत नाही, ती अपेक्षा ठेवू नका, पण तिच्यावर जगणारं कुणीतरी आहे आणि बुरशीनाशक सरसकट मारलं की त्याचं खाणंच जातं.

आणि आपल्याकडेही भुरी खाणारा पिवळा ढालकिडा आहे, त्याच्या पंखांवर ठिपका एकही नाही, मानेजवळ मात्र दोन काळे ठिपके. हड्डा मळकट, लवदार असतो आणि पान खरवडून जाळी करतो. तेव्हा काकडी-भोपळ्याच्या पानावर पिवळा किडा दिसला तर चिरडायच्या आधी पान बघा, जाळी झालीय का भुरी साफ झालीय.